टीव्हीवरचं चूलबंद निमंत्रण

चहा आधी पिऊन घ्या. नंतर हसताना सांडाल, आणि ही सतरंजी मी कालच धुतली आहे.

तुम्हाला सगळ्यांना वाटतं ना, की ही बाई तोंड उघडते तेव्हा समोरच्याची फजिती होते, हिची कधी होत नाही? झाली आहे. अशी झाली आहे, की अख्ख्या आष्ट्यानं ती पंगतीत बसून, ताटात वाढून घेऊन बघितली.

आमच्याकडं केबल नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. संपत म्हणून गल्लीतलाच मुलगा. आधी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला जायचा, मग त्यानं छत्रीवाली डिश बसवली, खांबाखांबावरून काळ्या वायरी ओढल्या आणि केबलवाला झाला. एवढ्यावर गप्प बसेल तर संपत कसला? त्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. एका संध्याकाळी त्यानं मारुतीच्या देवळापुढं लोक गोळा केले आणि सांगितलं, मी आपल्या गावाचं चॅनेल काढणार. रोज संध्याकाळी अर्धा तास. ज्याला जे सांगायचं ते त्यानं कॅमेऱ्यापुढं येऊन सांगायचं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, कुणी पास झालं, कुणाची शेळी हरवली. बघणाऱ्याला काही बोलायचं असेल तर पानपट्टीवर एक डबा ठेवणार, त्यात चिठ्ठी टाकायची, ती दुसऱ्या दिवशी वाचून दाखवणार. सगळं फुकट. सगळं गाव एकमेकांना जोडलं जाणार म्हणे.

पुरुष माणसं माना डोलवायला लागली. मी मागं बायकांत बसले होते. मी शिकलेली चौथीपर्यंत, पण प्रश्न विचारायला चौथी पुष्कळ होते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "संपत, आमी काय तुटलोय व्हय रं, तू जोडायला? माझ्या घरात डाळ करपली तर एष्टी स्टँडवरचा माणूस विचारतोय, काकी, आज डाळ लागली जणू. आनि काय जोडणार तू?"

बायका हसल्या. संपत म्हणाला, काकी, लोकांना एकमेकांची सुखदुःखं कळतील. मी म्हटलं, कुणाचा मुलगा पास झाला तर मी त्याच्या घरी जाते, त्याची आई माझ्या हातावर पेढा ठेवते, मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. तुझ्या टीव्हीतून पेढा येणार आहे का? आणि चिठ्ठीत सगळे गोडच लिहितील कशावरून? नाव न घालता एखाद्यानं कुणाच्या पोरीबद्दल भलतंच लिहिलं तर ते वाचून दाखवणार, की पोटात ठेवणार?

मग मी मुद्द्याला हात घातला. फुकट का दाखवणार म्हणून विचारलं. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, की मधेमधे दुकानांच्या जाहिराती असतील.

"म्हंजे आमची बारशी दाखवून तू साबण विकणार," मी म्हटलं. "फायदा तुझा झाला. आमचा कुठला, तेवढा सांग."

सभा माझ्या बाजूला वळली. टाळ्या पडल्या. संपत मात्र हुशार, त्याचा चेहरा पडला नाही. तो म्हणाला, काकी, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तर हेच सगळं कॅमेऱ्यापुढं सांगा. पहिल्याच कार्यक्रमात दाखवतो. उद्या कुणी म्हणायला नको की संपतनं विरोधी माणसाला बोलू दिलं नाही.

आता खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोंडानं म्हटलं, मला नाही असल्या थेरात पडायचं. शुक्रवारी दुपारी मात्र जरीकाठाचं लुगडं नेसून अंगणात खुर्ची टाकून बसले.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. तीच खरी गोष्ट आहे.

आमची नंदा तेव्हा लग्नाची होती. आदल्या वर्षी एक स्थळ अगदी ठरता ठरता मोडलं होतं. कुणीतरी त्या लोकांच्या कानात सांगितलं, पोरगी चांगली हाय, पण आई लय भांडकुदळ, पोरीलाही तेच वळण असणार. झालं, ती माणसं परत फिरकली नाहीत. नंदा एका शब्दानं मला बोलली नाही. पण शिवणाच्या क्लासला जायची ती बंद झाली, आणि मशीनवर कापड घालून ठेवलं ते महिनोन्‌महिने काढलं नाही. आईला कळतं हो. बोललं नाही म्हणून कळत नाही असं नसतं.

आणि आता तासगावचं स्थळ आलं होतं. द्राक्षाची बाग, माणसं कष्टाळू, मुलगा शांत. बघून गेले तेव्हा मी काय केलं असेल? दात आवळून बसले. दोन तास हू का चू केलं नाही. विचारलं तेवढ्याला "व्हय जी, न्हाई जी." मुलाच्या आत्या म्हणून एक म्हातारी होती, त्या घरात सगळं तिच्या शब्दावर चालायचं. तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं, तर मी आणखी गोड हसले. माझे गाल दुखायला लागले. जाताना ते म्हणाले, येत्या रविवारी येतो, काय ते बोलू. मी धरून चालले की आता सुपारी फुटणार. नंदानं त्या दिवशी मशीनवरचं कापड काढलं आणि स्वतःच्या साडीला फॉल लावला. मी लांबून बघितलं.

पण मोडता घालणारं माणूस गावात आहेच, म्हणून मी घरात सगळ्यांना शपथ घातली. रविवारपर्यंत कुणाला कळता कामा नये. गल्लीला नाही, भावकीला नाही, शेजारच्या जावेला तर अजिबात नाही. शेवंता, माझी धाकटी जाऊ. सांडपाण्याच्या मोरीवरून आमचं बोलणं बंद होतं.

तर शुक्रवारी संपत कॅमेरा घेऊन आला. मी सुरू झाले. काय बोलले विचारू नका, देवळापुढं बोलले त्याच्या तिप्पट. संपत मधे दोनदा म्हणाला, काकी, आवरा, टेप संपत आली. पण मी आता कुठं रंगात आले होते. मी म्हटलं, अरे, रीत म्हणून काही असते. निवतं द्यायचं तर दारात जावं लागतं, कुंकू लावावं लागतं, हातावर अक्षता द्याव्या लागतात, मग माणूस येतं. आणि हे समजावून सांगायला म्हणून मी खुर्चीतून उठले, दोन्ही हात जोडले, आणि टीव्हीतल्या बाईसारखा आवाज काढून म्हटलं:

"आता समजा मी हितं हुबं राहून म्हटलं, की गाववाल्यांनो, येत्या रविवारी आमच्या नंदीची सुपारी हाय, समद्यांनी चूलबंद जेवायला या. तर ह्याला निवतं म्हणायचं का? ह्याच्यावर कोन कुत्रं तरी येईल का?"

दाखला द्यायचा होता. डोक्यात तर आठवडाभर तेच घोळत होतं. तोंडातून तेच आलं. आणि मला भान आहे का? मी आपली समाधानानं खाली बसले.

चूलबंद म्हणजे काय, ते शहरातल्यांसाठी सांगते. नुसतं जेवायला बोलावलं तर घरातलं एखादं माणूस जाऊन येतं. चूलबंद बोलावलं तर म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही.

शनिवारी संध्याकाळी संपतचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या घरात केबल नव्हती, तत्त्व म्हणून घेतली नव्हती, त्यामुळं मी काही बघितलं नाही. पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. कार्यक्रम सुरू झाला आणि गावातली लाईट गेली. संपतकडं जनरेटर, त्याची टेप आपली चालूच. मी बोलतेय, बोलतेय, आणि गाव अंधारात बसलंय. मी पेढा, साबण, चिठ्ठी सगळं सांगून संपवलं, उठले, हात जोडले, ‘आता समजा’ म्हणून झालं आणि लाईट आली. घराघरात टीव्ही लागले. पडद्यावर जरीकाठाच्या लुगड्यात मी, हात जोडलेली. "गाववाल्यांनो, येत्या रविवारी आमच्या नंदीची सुपारी हाय, समद्यांनी चूलबंद जेवायला या."

आणि टेप संपली.

संपतनं सांगितलं होतं ना, आवरा म्हणून.

रविवारी पहाटे मी उठून पुरण शिजायला टाकलं. सहा-सात पाहुण्यांचा अंदाज. दूधवाला आला, त्यानं न विचारता सगळी किटली आमच्या पातेल्यात पालथी केली आणि "ऱ्हाऊ द्या काकी, आज लागंल," म्हणून निघून गेला. मला वाटलं, चुकला असेल. मग समोरची म्हातारी पाटांची चळत घेऊन आली आणि विचारायला लागली, बायकांची पंगत कुठं बसवणार. मी म्हटलं, कसली पंगत? ती डोळा मारून हसली. मग पलीकडच्या घराकडं बघते, तर धूर नाही. त्याच्या पलीकडं, धूर नाही. सगळी गल्ली स्वच्छ, सणासुदीला अंघोळ करून बसल्यासारखी.

कळलं, बातमी फुटली. कुणी फोडली? दुसरं कोण, शेवंतानं. मोरीचा राग तिनं माझ्या पोरीवर काढला.

मी पिठाच्या हातानं तिच्या दारात गेले. ती पोरांना ठेवणीतले कपडे घालत होती. मी काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. ती सगळं ऐकून घेत होती, पोराच्या शर्टाचं बटण लावत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिनं एवढंच विचारलं:

"झालं का अक्का?"

"न्हाई झालं. माज्या पोरीचं तू वाटोळं करायला निघालीस."

"आवं, तुमीच काल टीव्हीत हात जोडून बोलवलंय समद्या गावाला. मी म्हटलं, मोरीवरनं एवढं भांडण हुतं, तरी अक्कानं मला वगळलं न्हाई. म्हणून तर पोरांना तयार करतीया."

ज्या बाईला मी चार घरं ऐकतील एवढ्या मोठ्यानं शिव्या दिल्या, ती माझ्याकडं जेवायला यायची तयारी करत होती. मी दाराच्या उंबऱ्यावरच बसले.

तिथून उठले ती संपतकडं. त्याला म्हटलं, मुडद्या, आत्ताच्या आत्ता परत दाखव आणि सांग की निवतं खोटं आहे. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. तो म्हणाला, काकी, दाखवतो, पण लाईट गेलीय. लोकांचे टीव्ही बंद आहेत.

"म्हंजे एकदा गेलेला शब्द मागं घ्यायची सोय न्हाई तुझ्या यंत्रात?"

"न्हाई काकी."

बघा, हा प्रश्न मला देवळापुढं सुचायला पाहिजे होता.

आणि समजा लाईट असती, तरी काय? गावानं चुली पेटवल्या नव्हत्या. ज्याच्या घरात चूल थंड आहे त्याला दारातून "परत जा" म्हणायचं? आमच्या खानदानात कुणी केलं नाही ते. बरं, खायला घालायचं तर पातेल्यात पुरण सहा माणसांचं. आणि अकरा वाजता तासगावची माणसं येणार, त्यांच्यापुढं हा बाजार. नंदा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. "आई, आता ती माणसं काय म्हणतील?" एवढंच म्हणाली. मला त्या वेळी जमिनीनं गिळलं असतं तर मी त्या जमिनीचे पाय धरले असते.

आता आमच्या मालकांचं ऐका. हे पलटणीतून पेन्शनीत आलेले. घरात माझं बोलणं चालायचं आणि यांचं ऐकणं. पलटणीत लंगरमध्ये होते, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकाला. मी लग्नापासून त्यांना चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. ते बाहेर आले, अंगणात जमायला लागलेली माणसं बघितली, बंडीच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले:

"कंपनीचं जेवण हाय. हून जाईल. तू फक्त मला ऑर्डर द्यायची न्हाईस."

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, बरं.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. शेवंतानं घरातलं तांदळाचं पोतं डोक्यावर आणून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. समोरच्या म्हातारीनं वांगी आणली, दुसऱ्या कुणी गूळ, कुणी शेंगदाण्याचं कूट. संपत टेंपोतून गणपती मंडळाच्या प्रसादाच्या मोठ्या काहिली घेऊन आला आणि चुलीसाठी स्वतः खड्डे खणायला लागला. जेवायला आलेली माणसं कांदे चिरायला बसली. एकानंही विचारलं नाही, की अहो, बोलावलंत तर तयारी का नाही? सगळ्यांना कळलं होतं, काहीतरी घोटाळा आहे. पण ती माणसं अशी, की माझी लाज झाकायला माझ्याच दारात राबली.

आणि मी? मी कुठली गोड बसते. काहिलीला वाफ धरली आणि माझं तोंड सुटलं. मालक मिठाची मूठ टाकत होते त्यांच्यावर ओरडले, चुलीत ओलं लाकूड सारणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पुरुषांची पंगत आधी बसवा म्हणणाऱ्या एका पुढाऱ्याला हाताला धरून उठवलं आणि त्याच्या जागी शेंबड्या पोरांना बसवलं. केस सुटलेले, पदर खोचलेला, हातात पळी, आवाज पार वेशीपर्यंत.

मागं वळून बघते, तर दारात जीप. आणि जीपपुढं तासगावची आत्याबाई.

माझ्या हातातली पळी तशीच. मी हसायचा प्रयत्न केला. त्यांच्या मागच्या भेटीतलं "व्हय जी, न्हाई जी" आठवायला लागले, पण घसाच बसला होता.

आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सरळ बायकांच्या पंगतीत जाऊन बसल्या. बाजूला नेमकी शेवंता. त्यांनी तिला विचारलं, मी कान देऊन ऐकत होते: "ही बाई कशी हाय वो?"

मी डोळे मिटले. सकाळी मी शेवंताला काय काय बोलले होते ते माझं मला ठाऊक.

शेवंता भाताचा घास कालवत म्हणाली, "भांडती. आजच सकाळी माज्यासंगं भांडली. पर मनात न्हाई ठेवत काय. समदं तोंडावर असतंय तिचं. आमच्या गल्लीला नळ आला तो हिनं नगरपालिकेत बसकण मारली म्हणून."

आत्याबाई जेवल्या. वांग्याचं कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं. मालक तेव्हा काहिलीमागून माझ्याकडं असं बघत होते, जसं काही लढाई जिंकली. हात धुतल्यावर आत्याबाईंनी आपल्या भावाला बाजूला घेतलं, दोघं काहीतरी बोलले, आणि तिथंच, त्या काहिलींच्या धुरात, खरकट्या पत्रावळींच्या बाजूला, त्यांनी सुपारी मागितली. सगळ्या गावापुढं फुटली. नंदा खाली मान घालून उभी होती, पण मी तिची आई आहे, मला तिची हनुवटी दिसत होती. ती हसत होती.

संपतच्या चॅनेलचा फायदा काय, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. तो साबण विकणार आणि आम्ही बघणार, यात मला अजूनही काही कळत नाही. पण त्या दिवशी ती सगळी माणसं दारात आली नसती, तर माझ्या वाट्याला केवढं मोठं घर आहे हे मला कधी कळलं नसतं. शेवंताच्या मोरीला मी दुसऱ्याच दिवशी स्वतः पाईप घातला. संपतला म्हटलं, बाबा, तुझे उपकार. तो घाबरून दोन पावलं मागं सरला.

आता शेवट ऐका, आणि मग कप इकडं द्या.

संध्याकाळी पाहुणे निघाले. मी आत्याबाईंना जीपपर्यंत सोडायला गेले. पुन्हा माझा तो गोड आवाज काढला आणि म्हटलं, काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, आज जरा माझा तोल गेला.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "विहीणबाई, खरं सांगू का? आमी आज नको म्हणायला आलो हुतो. मधला माणूस नात्यातला, म्हणून निरोप न धाडता तोंडावर सांगावं म्हटलं."

मी विचारलं, आवं पर का? पोरीत काय खोट दिसली?

"पोरगी तर लाखात एक हाय. आमाला भ्या तुमचं हुतं. त्या दिशी दोन तास बसलो, तुमी एक शबूद बोलला न्हाई, नुसत्या हसत हुता. मी घरी जाऊन भावाला म्हटलं, ही बाई आतल्या गाठीची हाय, हिच्या पोटात काय हाय ते देवाला ठावं, असल्या घरची पोरगी नको. आज जीपमधनं उतरले आनि तुमाला त्या पुढाऱ्याला हाताला धरून उठवताना बघितलं, तवा जीव भांड्यात पडला."

जीप गेली. मी रस्त्यात उभी.

जन्मात एकदाच मी तोंड बंद ठेवून बसले होते, आणि तेवढ्यात पोरीचं लग्न मोडत आणलं होतं.